बादलीवाल्यावर पहारा

तो मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या जिन्यात, आणि आमच्याच घरातून बाहेर पडताना. एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्या हातात छोटी काचेची बाटली, खांद्याला पिशवी, आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी कामावरून परतत होते. घरात बाबा एकटे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत चालणारे... आणि हा कोण?

मी पायरीच्या मधोमध उभी राहिले.

"बादलीत काय आहे?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"तुमच्याच घरचं," तो म्हणाला. "माशांच्या टाकीतलं. जुनं पाणी कुंड्यांना फार मानवतं, म्हणून घरी नेतोय. झाकण उघडून दाखवू?"

"दाखवा."

त्याला वाटलं असावं की मी नको म्हणेन. मी वाकून पाहिलं. हात घालून तळापर्यंत ढवळलंसुद्धा. बाबांचा एखादा मासा आत दडवलेला नव्हता. मी हात झटकला तेव्हा तो कठड्याला टेकून शांत उभा होता, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली होती. ती खळी मला अजिबात आवडली नाही. भामटे दिसायला बरे असतात, असं मी ऐकून होते.

"झाली झडती?"

"तूर्त झाली."

"मग उद्या पुन्हा येतो," असं म्हणून तो अंग चोरून माझ्या बाजूनं खाली गेला. जाताना ओल्या मातीसारखा वास आला. तोही मी लक्षात ठेवला. पुरावा म्हणून.

माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणते, माझं कामच तसं आहे. मी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळी टँकर आला की त्यात पाणी किती, पावडर किती, साबण आहे का, हे आधी शोधायचं आणि मग दूध म्हणायचं. नऊ वर्षं हेच केल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. मला बघायला आलेल्या दोन मुलांना मी इतके प्रश्न विचारले, की त्यातला एक म्हणे घरी जाऊन झोपला.

तर हा बादलीवाला काय भानगड आहे, ते बाबांनी सांगितलं. डॉक्टरांनी बाबांना जिने बंद केले होते, म्हणून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायला जाणार होतो. कपाटं, पलंग, भांडी नेणारे पुष्कळ मिळाले. पण बाबांची टाकी? साडेचार फूट लांब, चौदा वर्षं एका जागी असलेली, आत सात सोनेरी मासे. त्यातला सर्वांत थोरला चौदा वर्षांचा. सोनेरी रंग जाऊन पांढरट झालेला, उजवा डोळा धुरकटलेला, बाबांच्या बोटातून दाणा घेणारा. त्याचं नाव आजोबा. हा माणूस टाक्या हलवण्याचंच काम करतो, आणि मला न विचारता बाबांनी त्याला बोलावलं होतं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू त्याच्याकडून तीन ओळखपत्रं मागितली असतीस," बाबा म्हणाले. "हे बघ, ऑपरेशननंतरचे दोन महिने मी या टाकीसमोर बसून काढलेत. आजोबा नीट त्या घरी पोहोचले तर मीही पोहोचलो समज."

हे ऐकल्यावर मी आणखीच सावध झाले.

पुढचे चार दिवस तो रोज यायचा. थोडं पाणी काढायचा, थोडं घालायचा, बाटलीत नमुना घेऊन उजेडाकडे धरायचा. नमुना घेणाऱ्याचा नमुना घ्यायला मी समोर खुर्ची टाकून बसायचे. बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. त्यांनी टाकीतल्या दगडांचाही नकाशा काढला, कुठला दगड कुठे, किती कलता. तो नकाशा बादलीवाल्यानं इतक्या आदरानं घडी करून खिशात ठेवला, की मला वाटलं, हे नाटक जरा जास्त होतंय.

हलवायच्या दोन दिवस आधी त्यानं फर्मान काढलं. "आता माशांना खायला घालायचं नाही."

"उपाशी ठेवणार?"

"भरल्या पोटी प्रवास केला की बादलीतलं पाणी घाण होतं. गाडी लागत असेल तर तुम्ही जेवून निघता का?"

"मला गाडी लागत नाही."

"मला लागते," तो म्हणाला. "आता तुम्हाला माझा कमकुवतपणाही कळला. वहीत लिहा."

वहीत मी खरंच लिहीत होते. ते त्यानं कधी पाहिलं, कोण जाणे. सातही माशांचे डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढून ठेवलेत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं... असा माझा समज.

"आजोबांचा उजव्या बाजूचा फोटो हलला असेल," तो पाठमोरा म्हणाला. "ते त्या बाजूनं घाबरतात. डोळा अधू आहे ना. अदलाबदल पकडायची तर डावी बाजू चांगली."

माझे कान तापले. कान तापणं हे रागाचंच लक्षण, असं मी स्वतःला बजावलं.

हलवायच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. त्यानं सकाळी येऊन टाकीतलं निम्मं पाणी बादल्यांत भरलं. जाळीनं नाही, दोन्ही हातांची ओंजळ पाण्याखाली धरून एकेक मासा उचलला, आणि प्रत्येकाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मी पुढे झुकून ऐकलं. "दोन गल्ल्या फक्त," असं तो म्हणत होता. झाकणाला भोकं असलेल्या बादल्या, त्यांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, बारीक खडे वेगळ्या बादलीत ओले ठेवलेले. उरलेलं पाणी मोरीत सोडून रिकामी केलेली टाकी तो आणि गाडीवाला तिच्या खाली फळी घालून उचलणार होते. पाण्यासकट टाकी उचलली की काच जोडाशी तडकते, हे तोच म्हणाला.

निघताना त्यानं मोरीत एक लहान बादली ठेवली, घट्ट झाकणाची. "हिला हात लावू नका."

"का?"

"नका लावू. नंतर सांगतो, गाडी खाली आडवी उभी आहे."

टाकी तीन मजले उतरवायला त्यांना अर्धा तास लागणार होता. मला 'हात लावू नका' असं सांगून मोरीत एकटीला ठेवलं, तर काय होणार? मी झाकण उघडलं.

आत फिल्टरमधला स्पंज होता. काळपट तपकिरी, बुळबुळीत, चौदा वर्षांचा मळ पिऊन फुगलेला. आमच्या प्रयोगशाळेत असली वस्तू सापडली असती तर डेअरीला त्या दिवशी कुलूप लागलं असतं. अच्छा, म्हणजे हे होतं तर! बाबा बिचारे विश्वासानं टाकी हातात देतात, आणि हा माणूस साधा स्पंजही धूत नाही, वर झाकण लावून लपवतो. मी पातेलंभर पाणी उकळलं. स्पंज त्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. तिसऱ्या वेळी तो पांढराशुभ्र निघाला. बादली घासली, नळाचं ताजं पाणी भरलं, स्पंज आत ठेवून झाकण लावलं. मला इतकं समाधान वाटलं, की मी गुणगुणतसुद्धा होते.

नव्या घरी त्यानं बाबांचा नकाशा भिंतीला चिकटवला आणि दगड न् दगड जागेवर लावला. खडे, जुनं पाणी, मग थोडं थोडं नवं. शेवटी त्यानं लहान बादलीचं झाकण काढलं. स्पंज हातात घेतला... आणि थबकला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घालून त्याच्याकडे पाहिलं. पकडला गेलाय, मला वाटलं. आपला मळकेपणा उघडा पडला म्हणून गप्प झालाय. त्यानं स्पंज फिल्टरमध्ये बसवला, मासे सोडले, आणि बाबांना म्हणाला, "काका, उद्या येतो. रोजच येईन काही दिवस."

"गरज आहे का रोज यायची?" मी विचारलं.

"आता आहे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले. आजोबा तळाशी कुशीवर टेकले होते. बाबा टाकीजवळ स्टूल घेऊन बसले, सकाळचा चहा तसाच निवला. बादलीवाला धावत आला, बाटलीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे आठ थेंब टाकले, आणि पाच मिनिटांनी ते गडद हिरवं झालं.

"अमोनिया," तो म्हणाला. "माशांच्याच घाणीतून होतो. विषच ते."

"कशामुळे?" बाबांनी विचारलं.

त्यानं बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी चूक, काका. फिल्टर जास्त वेळ बंद राहिला."

"बघा!" मी म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय!"

बाबा त्याच्यावर इतके चिडले, की काठी आपटली. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. एक तृतीयांश पाणी बदललं. आणि निघायच्या आधी, बाबांची पाठ वळल्यावर, पिशवीतल्या डब्यातून काहीतरी काळपट काढून झटकन फिल्टरमध्ये सरकवलं. मी पाहिलं.

"काय टाकलंत?"

"औषध."

खोटं. दुधातलं पाणी मला वासावरून कळतं, हे तर डोळ्यांसमोर होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, रोज सहा वाजता पाणी मी तपासणार, नोंद मी ठेवणार. तो बाटली भरायचा, मी थेंब मोजायचे, आणि मग पाच मिनिटं आम्ही टाकीसमोर जमिनीवर शेजारी शेजारी बसून रंगाची वाट बघायचो. पिवळा म्हणजे निर्धोक. हिरवा म्हणजे विष.

"तुमच्या घरी टाकी आहे?" एकदा मी विचारलं. चौकशी म्हणून.

"तीन आहेत. सध्या एका टाकीचं जरा अवघड चाललंय."

"का?"

"तिचं काहीतरी दुसरीकडे दिलंय." मग माझ्या वहीकडे बघत, "तुमचं अक्षर सुंदर आहे. 'संशयास्पद' हा शब्द तर फारच छान काढता."

"सवयीनं."

"माझ्या नावापुढे किती वेळा आलाय?"

"अकरा."

"म्हणजे दिवसातून एकदा तरी आठवण येते," तो म्हणाला, आणि ती खळी पुन्हा पडली. मी घड्याळाकडे पाहिलं. फक्त दोन मिनिटं झाली होती. छातीत धडधडत होतं. दुपारी चहा जास्त झाला असणार.

सहाव्या दिवशी कामावर मी विरजणाच्या खोलीत गेले. तिथं आमच्या ताई दह्याची विरजणं सांभाळतात. आमचा विभाग जंतू मारायचा, त्यांचा जंतू पोसायचा, त्यामुळे आम्ही एकमेकींच्या दारातही फारशा जात नाही. मी त्यांना म्हटलं, "ताई, घरच्या टाकीत कसलेतरी जंतू झालेत. त्या माणसाचा कारभारच गलिच्छ. फिल्टरचा स्पंज तर चिखल होता नुसता, मीच शेवटी उकळत्या पाण्यात तीनदा स्वच्छ केला."

ताईंचा हात बरणीवरच थांबला.

"उकळलास?"

"तीनदा."

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "तो मळ नव्हता. माशांची घाण खाणारे जिवाणू राहतात त्या स्पंजात. चौदा वर्षांचं विरजण होतं ते! तू विरजण उकळलंस, आणि आता दही का लागत नाही म्हणून दूधवाल्याला शिव्या देतेस?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्याचं स्पंज हातात घेऊन थबकणं. "आता आहे." डब्यातला तो काळपट तुकडा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या टाकीतला जुना स्पंज. एका टाकीचं अवघड चाललंय, ते म्हणूनच. हात दाखवून अवलक्षण मी केलं होतं, आणि बोलणी तीन दिवसांपासून तो खात होता.

घरी पोहोचले तेव्हा बाबा फोनवर होते. त्यांचे चार मित्र, चौघांच्या घरी टाक्या. "त्या माणसाला दारात उभं करू नकोस," बाबा सांगत होते. "माझे आजोबा जातील बहुतेक त्याच्यापायी."

एक क्षण, अगदी एकच, मला वाटलं की गप्प बसावं. मासे वाचतीलही. कोणाला कळणार होतं? मग मी बाबांच्या हातातला फोन खाली केला.

"बाबा, स्पंज मी उकळला. त्याची काही चूक नाही."

बाबांनी सगळं ऐकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, आजोबांसमोर जाऊन बसले, आणि माझ्याकडे पाठ केली.

सहा वाजता बादलीवाला आला, तेव्हा मी दाराबाहेर पायरीवर बसले होते. डोळे पुसलेले होते, पण नीट पुसले गेले नसावेत, कारण तो बादली ठेवून माझ्या शेजारी बसला.

"काय झालं? आजोबा...?"

"आजोबा आहेत. तुम्हाला माहीत होतं. स्पंज हातात घेतलात तेव्हाच."

तो नखानं बादलीच्या कडेवरचा चिखल खरवडत राहिला. "चौदा वर्षांचा स्पंज इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता," शेवटी म्हणाला.

"मग बोलला का नाहीत? माझ्यासमोर, बाबांसमोर?"

"काका नुकते आजारातून उठलेत. मासे गेले असते तर त्यांनी माझ्यावर राग धरला असता. मी काय, उद्या निघून जाणारा माणूस. पण तुम्हाला त्यांच्याबरोबर त्याच घरात राहायचंय. त्या टाकीसमोर."

"आणि धंदा? ते सगळ्यांना फोन करत होते."

"चूक माझीही होती. 'का' असं विचारणाऱ्या माणसाला 'नंतर सांगतो' म्हणायचं नसतं."

मला पुन्हा रडू यायला लागलं. आणि तरीही, स्वभावाला औषध नाही, मला वाटलं की हा अजून काहीतरी लपवतोय. इतकं चांगलं कोणी फुकट वागतं का?

"एवढंच कारण?" मी त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं. "खरं सांगा."

त्याचे कान लाल झाले. मला वाटायचं माझेच होतात.

"तुम्ही रोज समोर बसता," तो म्हणाला. "मी बादली उचलली तरी बघता, हात धुतले तरी बघता. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशीच खरं सांगितलं असतं तर... तुमचा संशय फिटला असता. मग तुम्ही कशाला बसला असता?"

आम्ही आत गेलो आणि पाणी तपासलं. रंग हिरवाच होता, पण कालच्यापेक्षा फिका.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी बोलले. शिक्षा सुनावायलाच बोलले. त्यांच्या चारही मित्रांना मी स्वतः फोन करायचा आणि म्हणायचं, "काका, स्पंज मी उकळला." चौथे काका कानानं कमी. त्यांना मी हे वाक्य तीनदा ओरडून सांगितलं. शेजारच्या खिडक्या उघडल्या. त्यानंतर बाबांनी मला चहा मागितला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

आठव्या दिवशी आजोबा तळ सोडून उठले. दहाव्या दिवशी त्यांनी बाबांच्या बोटातून दाणा घेतला, आणि बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

बाराव्या दिवशी सहा वाजता मी आठ थेंब मोजले. आम्ही शेजारी बसलो. पाच मिनिटं झाली. बाटली पिवळी होती. लख्ख पिवळी, हिरव्याचा मागमूस नाही.

त्याचं काम संपलं होतं. त्यानं पंप गुंडाळायला घेतला, नळी पुसून पिशवीत भरली. "चला. आता महिन्याकाठी एकदा पाणी बदललंत तरी..."

नऊ वर्षांत मी एकही नोंद खोटी केली नाही. त्यासाठी लोकांशी भांडले, भले भले टँकर दारातून परत पाठवले.

"थांबा," मी म्हणाले. "हिरवा आहे."

त्यानं बाटली खिडकीकडे धरली. "कुठे?"

"तळाशी. निरखून बघा."

त्यानं बाटलीकडे नाही, माझ्याकडे निरखून पाहिलं. "खोटं बोलताय तुम्ही."

"हो," मी म्हटलं. वही घट्ट धरली. "खरी नोंद केली तर तुम्ही उद्या येणार नाही. आणि तुम्ही यावं असं मला वाटतं. टाकी नसती तरी वाटलं असतं. संशय फिटलाय माझा, कधीच फिटलाय... तरी मी इथं बसते, ते तुमच्यासाठी."

नेहमीप्रमाणे मला लगेच शंका आली की नाही म्हणणार. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि वहीत आजच्या तारखेसमोर लिहिलं : हिरवा.

"पिवळा आहे तो!" बाबा पलंगावरून ओरडले. "मला इथून दिसतोय!"

"काका, तुम्ही चष्मा लावलेला नाही," तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला.

बाबा काहीतरी पुटपुटत भिंतीकडे वळले. मला हसू आवरेना.

"उद्या किती वाजता येशील?" मी विचारलं.

"रोजच्यासारखा. सहाला."

"साडेपाचला ये," मी म्हटलं. "पाच मिनिटं मला पुरत नाहीत."